जीपची नोंद

शाहूपुरीतील आमच्या धर्मगुरूनिवासाच्या मागील अंगणात पत्र्याची एक शेड आहे, आणि त्या शेडमध्ये १९६४ सालची एक जीप उभी आहे. आम्ही २०१९ च्या जून महिन्यात या धर्मग्रामात रुजू झालो, तेव्हा आमच्या आधीच्या फादरांनी चर्चच्या किल्ल्या, नोंदवह्यांचे कपाट आणि बँकेची पुस्तके यांच्याबरोबर तिचीही किल्ली आमच्या हाती ठेवली. ती ठेवताना ते किंचित हसले. त्या हसण्याचा अर्थ आम्हांला पुढे चार वर्षांनी उमगला.

शाहूपुरीची ओळख आमच्या वाचकांपैकी अनेकांना असेलच. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी स्थानकाजवळ ही व्यापारपेठ वसविली. येथे गुळाचा व्यापार भरभराटीला आला. आज ढेपा आणि अडते मार्केट यार्डात गेले आहेत. इकडे लॉज, दुकाने, दवाखाने आणि गॅरेजे आली आहेत. तरी कुंभार गल्लीत गणेशमूर्ती घडविणारे हात अजून आहेत, आणि पावसाळ्यात पंचगंगा फुगली की पाणी व्हीनस कॉर्नरवरून आत शिरते, हेही आहे. जुने ते टिकते कसे आणि वाहून जाते कसे, हे पाहायला यापेक्षा चांगली जागा शोधावी लागणार नाही.

आमची जीप उंच बॉनेटची, महिंद्रांनी बांधलेली. अमेरिकेच्या विलीज कंपनीची ही गाडी दुसऱ्या महायुद्धात जगभर धावली, आणि १९४७ पासून तिची जुळणी मुंबईत होऊ लागली. पुढे वनखाते, पाटबंधारे, पोलीस, साखर कारखाने आणि आमच्यासारखी मिशन केंद्रे, सर्वांनी तिला आपले मानले. आमच्या धर्मग्रामात ती आली त्या काळी गगनबावड्याच्या वाटेवर पावसाळ्यात चिखल गुडघाभर असे. त्या वेळचे युरोपीय फादर पहाटे मिस्सा आटोपून जीपमध्ये औषधांची पेटी, मिस्साचे साहित्य आणि दुधाच्या पावडरीची पोती घालून निघत, ते दुसऱ्या दिवशी परतत. जुन्या लोकांना त्या फादरांचे प्रवचन आठवत नाही, परंतु जीपचा आवाज आठवतो. धर्मगुरूंनी यातून घ्यायचा तो बोध घ्यावा.

जीपचे सारथ्य पंचवीस वर्षे एकाच गृहस्थाने केले. धर्मग्रामातील लहानथोर त्यांना 'मामा' म्हणतात; आम्हीही तेच म्हणतो. मामांचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. रविवारी मिस्सा संपली की ते प्रथम शेडकडे जातात, जीपच्या बॉनेटवर हात ठेवून क्षणभर उभे राहतात आणि मग चहाला येतात. डॅशबोर्डवर त्यांनी बसविलेले संत ख्रिस्तोफरचे पदक अजून तेथेच आहे.

या पदकावरून आठवले. १९६९ मध्ये पोप पॉल सहावे यांनी पंचांगाची फेररचना केली, तेव्हा २५ जुलैचा संत ख्रिस्तोफरचा सण सार्वत्रिक पंचांगातून वगळण्यात आला. पुष्कळ श्रद्धावंतांनी समज करून घेतला की संताचे नावच पटावरून कमी झाले. तसे काही झाले नव्हते. सण सर्वांसाठी बंधनकारक राहिला नाही, इतकेच. संत संतच राहिले आणि वाहनचालकांच्या खिशात व गाडीत त्यांचे पदकही राहिले. नोंदीतून नाव निघाले म्हणजे अस्तित्व संपले, असे नसते. तथापि नोंद नसली की रस्त्यावर अडचण येते, हे आम्हांला जीपने शिकविले.

कायद्याची गोष्ट अशी. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. आमच्या जीपचे नूतनीकरण एका मुदतीनंतर राहून गेले होते. कोणी मुद्दाम टाळले नाही. फादर बदलले, मामांचे डोळे अधू झाले, धर्मग्रामाने एक छोटी मोटार घेतली, आणि जीप शेडमध्ये मागे सरकत गेली. तिच्यावर प्रथम नाताळच्या गोठ्याच्या फळ्या ठेवल्या गेल्या, मग पताका, मग मोडक्या खुर्च्या.

२०२१ च्या जुलै महिन्यात एक बातमी आली. १५ जुलै रोजी केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत नवी कलमे घालून प्राचीन वाहनांची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दांत 'व्हिंटेज' गाड्यांची, स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी वा चारचाकी, जी मूळ स्वरूपात जपली आहे आणि जिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, ती व्हिंटेज. नमुना २० मध्ये अर्ज, विमा, जुने नोंदणीपुस्तक, परदेशातून आणलेली असेल तर जकातीचे कागद, आणि नव्या नोंदणीसाठी वीस हजार रुपये शुल्क. नोंदणी दहा वर्षांची. पुढील नोंदणीस पाच हजार. ज्या गाडीला आधीचा क्रमांक आहे तिला तो ठेवता येईल, आणि नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्ही ए' ही अक्षरे येतील. मात्र अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर पडावी.

आमच्या तरुण मंडळाच्या मुलांनी ही बातमी आम्हांला मोठ्या उत्साहाने वाचून दाखविली. कोल्हापूरकरांना जुन्या गाडीचा मान सांगावा लागत नाही. नव्या राजवाड्यातील भगव्या रंगाची मेबॅक मोटार दसऱ्याच्या दिवशी छत्रपतींच्या घराण्यातील मंडळींना घेऊन दसरा चौकात येते, तेव्हा सोने लुटायला जमलेला समुदाय पहिली मान वळवितो ती त्या गाडीकडे. १९३० च्या दशकात राजाराम महाराजांसाठी जर्मनीहून आलेली ती गाडी आजही जनतेच्या नजरेत जिवंत आहे. मुले म्हणाली, "फादर, आपली जीप पण तशीच. सणाच्या मिरवणुकीत पुढे जीप, मागे बँड!" आम्हीही मनातल्या मनात ती मिरवणूक पाहिली. खोटे कशाला बोलावे?

ही बातमी येऊन एक आठवडा झाला नाही तोच पंचगंगेला महापूर आला. २०१९ च्या ऑगस्टमधील पाणी लोक अजून विसरले नव्हते. २०२१ च्या जुलैत ते पुन्हा आले. आम्ही त्या रात्री प्रथम नोंदवह्या वर नेल्या. स्नानसंस्कार, विवाह, मृत्यू. ट्रेंटच्या महासभेने १५६३ मध्ये धर्मगुरूंना विवाहाची नोंदवही ठेवण्यास सांगितले, आणि १९८३ च्या धर्मसंहितेतील ५३५ वे कलम आजही आम्हांला या वह्या जपण्यास बांधून ठेवते. त्या वह्या वाचल्या. कार्यालयाच्या खालच्या खणातील इतर कागद मात्र भिजले, आणि त्यांत जीपचे नोंदणीपुस्तक होते. पाणी ओसरल्यावर आम्ही ते उन्हात पसरले, तेव्हा शाई पुसून पानांवर फक्त निळसर ढग उरले होते. जीपच्या चाकांच्या तुंब्यापर्यंत पाणी चढले होते, परंतु तिला त्याचे विशेष वाटलेले दिसले नाही.

पुढील वर्ष-दीड वर्ष घरे सावरण्यात गेले. जीपचा विषय पुन्हा निघाला तो २०२२ च्या नाताळात. आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे स्थायिक झाले आहे. ते सुटीवर आले होते. त्या कुटुंबातील कर्त्या पुरुषाने शेडमध्ये जीप पाहिली आणि तिकडची एक पद्धत सांगितली. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे तेथे पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला 'क्लब परमिट' मिळते. मालकाने सरकारमान्य मोटार क्लबचे सभासद व्हावे लागते. क्लबने गाडीची ओळख पटवावी लागते. मग वर्षाला पंचेचाळीस किंवा नव्वद दिवस, जसे परमिट घेतले असेल तसे, ती गाडी रस्त्यावर आणता येते. त्यासाठी एक नोंदवही मिळते. ज्या दिवशी गाडी काढायची त्या दिवशी निघण्यापूर्वी मालकाने स्वतःच्या हाताने तारीख लिहायची. एक ओळ म्हणजे एक दिवस.

"आणि कोणी लिहिलेच नाही तर?" आम्ही विचारले.

"पोलिसांनी थांबवलं तर दंड, फादर. पण रोज कोण थांबवतं? बहुतेक लोक आपणहून लिहितात. क्लबातले चार लोक ओळखीचे असतात ना, त्यांच्यापुढे खोटं पडायला कोणाला आवडतं?"

हे उत्तर आमच्या मनात राहून गेले. जर्मनीत तीस वर्षांच्या गाडीला क्रमांकाच्या शेवटी 'एच' अक्षर मिळते, ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर रस्ताकर माफ होतो. प्रत्येक देशाने आपापली रीत ठरविली आहे. परंतु ती छोटी नोंदवही आम्हांला विशेष भावली. सरकारने माणसाच्या हातात पेन देऊन म्हणावे, 'तूच लिही, आम्ही विश्वास ठेवतो', ही काही लहान गोष्ट नव्हे. आपल्याकडील नियमात क्लब नाही आणि वहीही नाही. पण अर्जाखाली सही आहे. सही हीसुद्धा एका ओळीची नोंदवहीच.

नव्या वर्षात आम्ही कामाला लागलो. नोंदणीपुस्तक हरवल्याची पोलिसांत खबर दिली आणि दुसऱ्या प्रतीसाठी नमुना २६ भरला. तरुणांनी जीपवरचा पसारा उतरविला, चेसिसवरील गंज घासला आणि त्यावर कागद धरून पेन्सिल फिरवीत क्रमांकाचा ठसा घेतला. आकडे एकेक करून कागदावर उमटू लागले तेव्हा मामांच्या डोळ्यांत पाणी आले. इंजिनाच्या क्रमांकाचा ठसा घेण्याची वेळ आली तेव्हा मात्र मामा शेडबाहेर जाऊन उभे राहिले. आम्ही त्याकडे लक्ष दिले नाही.

परिवहन कार्यालयात एका सौजन्यशील कारकुनाने जुनी नोंदवही शोधून काढली. तिच्यात आमच्या जीपचे पान होते. १९६४ ची पहिली नोंद, चर्चचे नाव, युरोपीय फादरांची तिरकी सही. त्याखाली १९८३ सालची दुसरी नोंद, वेगळ्या शाईत : पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसविले, मंजूर.

आम्ही ती ओळ दोनदा वाचली. आमच्या मनातील मिरवणूक तेथेच थांबली.

त्या संध्याकाळी आम्ही मामांच्या घरी गेलो. ते वाटच पाहत असावेत. म्हणाले, "फादर, इंजिन मीच बदलून घेतलंय. उद्यमनगरात. तुमास्नी सांगायला धीर झाला न्हाई." मग त्यांनी सारी हकीकत सांगितली. पेट्रोलचे भाव चढत गेले होते, आणि ती २.२ लिटरची चार सिलिंडरची जीप गगनबावड्याला जाऊन येईतो मिशनची महिन्याची तजवीज पिऊन टाकी. त्या वेळच्या फादरांनी खेड्यांच्या फेऱ्या निम्म्यावर आणल्या. मग मामांनीच सुचविले, की डिझेल इंजिन टाकू. मिस्त्रीने मजुरी घेतली नाही. जुने पेट्रोल इंजिन काही दिवस एका मळ्यात विहिरीवर पाणी उपसायला होते, पुढे ते भंगारात गेले.

"ते इंजिन आता कुठलं मिळतंय, फादर? भट्टीत वितळून त्येचं काय काय झालं आसंल. पर फेऱ्या बंद पडल्या न्हाईत. त्येवढं झालं."

आम्ही काय बोलणार? इंजिन बदलले म्हणून जीप खेड्यांत जात राहिली. आणि जीप खेड्यांत जात राहिली म्हणूनच ती जपण्याजोगी झाली. आता तीच गोष्ट तिच्या प्राचीनत्वाच्या आड येत होती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या फाटकाबाहेर एका मध्यस्थाने आम्हांला गाठले. बातमी त्याच्यापर्यंत कशी पोहोचली ते त्यालाच ठाऊक. तो म्हणाला, "फादर, टेन्शन घेऊ नका. त्या मॉडेलचं पेट्रोल इंजिन मी आणून देतो. नंबर पाहिजे तो पाडून मिळेल. जुन्या नोंदीचं बघता येईल. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीला कोण विचारतंय?" त्याने रक्कमही सांगितली, आणि ती अवाच्या सवा नव्हती.

वाचकहो, आम्ही त्याला तेथल्या तेथे धुडकावून लावले, असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु तसे घडले नाही. आम्ही 'बघू' म्हणालो. त्या रात्री आम्ही बराच वेळ जागे होतो. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांला एक प्रकरण होते : मनात शब्द राखून बोलणे. तोंडाने अर्धे वाक्य उच्चारायचे, उरलेले मनात म्हणायचे, आणि खोटे बोललोच नाही असे स्वतःला समजवायचे. ही पळवाट इतकी वापरली गेली की पोप इनोसंट अकरावे यांना १६७९ मध्ये तिचा निषेध करावा लागला. तेव्हा आम्ही विद्यार्थी त्या जुन्या पंडितांना हसलो होतो. आता पन्नाशी ओलांडल्यावर, शाहूपुरीतील एका खोलीत, आम्ही तेच करीत होतो. 'आमच्या माहितीप्रमाणे वाहन मूळ स्वरूपात आहे.' कोणत्या माहितीप्रमाणे? मामांनी सांगण्यापूर्वीच्या. 'इंजिन त्याच जातीचे आहे.' आणून बसविले तर असेलच की! आणि हे सारे कोणासाठी? धर्मग्रामासाठी, मामांसाठी, मुलांच्या आनंदासाठी. पापाला स्वतःचे कारण कधीच नसते. ते नेहमी दुसऱ्याच्या भल्याचा हात धरून येते.

रविवारी धर्मग्राम मंडळाची सभा भरली. आम्ही सारी हकीकत मांडली, मध्यस्थाचा निरोपसुद्धा. मंडळात मते पडू लागली. एकजण म्हणाले, यात कोणाचे नुकसान आहे? दुसरे म्हणाले, सगळेच करतात. तिसऱ्यांनी भंगाराचा भाव काढून आणला होता. २०२१ पासून सरकारने मोडीत काढण्याचे रीतसर धोरण आणले आहे, नोंदणीकृत केंद्रावर गाडी दिली की प्रमाणपत्र मिळते, नव्या गाडीच्या खरेदीत सवलत मिळते, असे त्यांनी समजावून सांगितले. तेही चुकीचे बोलत नव्हते.

सभेत एक सद्गृहस्थ अगदी गप्प बसले होते. त्यांच्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. आम्ही येथे आलो त्याच वर्षी ते आमच्याकडे आले होते. त्यांच्या नातीला एका शाळेत प्रवेश हवा होता, आणि ठरावीक तारखेपूर्वी स्नानसंस्कार झाल्याचा दाखला तेथे लागत होता. मुलीचा स्नानसंस्कार त्या तारखेनंतर दोन महिन्यांनी झाला होता. मुलीची आई आजारी होती म्हणून तो लांबला होता. त्यात त्यांचा दोष नव्हता. त्यांनी आमच्याकडे एवढेच मागितले, की दाखल्यावरील महिना बदलून द्यावा. "फादर, दोन महिन्यांनी देवाला काय फरक पडतो?" आम्ही नकार दिला. नोंदवही उघडून दाखविली, त्यातील ओळ दाखविली, आणि कदाचित गरजेपेक्षा थोडे अधिक कडक बोललो. मुलीचा प्रवेश त्या वर्षी हुकला. ते गृहस्थ मिस्सेला येणे चुकले नाहीत, परंतु त्यानंतर आमच्याशी कामापलीकडे एक शब्दही बोलले नाहीत. शांतिप्रदानाच्या वेळी त्यांचा हात दुसऱ्या दिशेला वळे.

आता ते समोर बसले होते आणि आमच्याकडे पाहत होते. त्या नजरेत राग नव्हता. ते फक्त वाट पाहत होते.

आम्ही म्हणालो, "सही आमची आहे. जीपचे इंजिन १९८३ मध्ये बदलले आहे आणि ते नोंदवहीत लिहिलेले आहे. आम्ही मूळ आहे असे लिहून देऊ शकत नाही. व्हिंटेजचा अर्ज होणार नाही." आणि मग, जे ठरवून आलो नव्हतो, तेही बोलून गेलो : "परवाच्या रात्रीपर्यंत आमचे मन डळमळत होते, हेही तुम्हांला माहीत असावे. दुसऱ्याला नाही म्हणणे सोपे असते."

सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्या गृहस्थांनी घसा खाकरला. ते म्हणाले, "फादर, व्हिंटेज नाही झाली तर बरंच आहे. मी नियम वाचलाय. ती नोंदणी घेतली असती तर जीप फक्त प्रदर्शनाला आणि रॅलीला नेता आली असती. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला खेड्यात नेता आली नसती. साधी नोंदणी पुन्हा चालू करता येते. इंजिनाची नोंद कायदेशीर आहे. मी बघतो."

चार वर्षांत ते आमच्याशी एवढे सलग प्रथमच बोलले.

नियमाची ही बाजू आम्ही वाचली होती, पण पाहिली नव्हती. मिरवणुकीच्या नादात आम्ही जीपला राजवाड्यातील मेबॅकच्या शेजारी उभी करू पाहत होतो. मेबॅकला तिचा मान शोभतो. तिचे कामच दर्शन देण्याचे आहे. आमची जीप पोती वाहायला आली होती. जिच्या अंगावर कामाच्या खुणा आहेत तिने मूळ रूप राखले नाही, म्हणून तिला कमी लेखण्याचे कारण नव्हते आणि तिने ते राखले असे भासविण्याचेही नव्हते.

साधा मार्ग सोपा होता असे मात्र नाही. २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरील मोटारींच्या नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले होते. पुढे २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांना ते दहा हजार झाले. त्यावर विलंबाचे शुल्क, पर्यावरण कर, विमा, धुराची चाचणी. नमुना २५ भरला. पहिल्या तपासणीत जीप नापास झाली : हातब्रेक धरीत नव्हता आणि एक दिवा आकाशाकडे पाहत होता. त्या गृहस्थांनी आणि तरुणांनी पुन्हा तिला उद्यमनगरात नेले. चाळीस वर्षांपूर्वी ज्या मिस्त्रीने इंजिन बसविले होते त्याचा नातू आता तेथे लेथवर बसतो. त्याने ब्रेक दुरुस्त केले, आणि मजुरी घेतली. काळ बदलतो; आम्ही तक्रार केली नाही. दुसऱ्या तपासणीत जीप उत्तीर्ण झाली आणि तिला पाच वर्षांची मुदत मिळाली.

मामांचा परवाना केव्हाच संपला आहे. म्हणून पहिल्या फेरीस ते चालकाशेजारी बसले आणि आम्ही मागे. गाडी चालवीत होते ते आमचे गृहस्थ. स्टेशन रोड ओलांडेपर्यंत मामांनी त्यांना चार वेळा सांगितले की क्लच हळू सोडा, आणि पाचव्या वेळी ते स्वतःच्या गुडघ्यावर हात मारून म्हणाले, "आसं न्हवं हो, तिला विचारून गिअर टाकायचा!" आम्ही गगनबावड्याच्या वाटेवरील एका वाडीत अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्धेस ख्रिस्तप्रसाद देण्यास चाललो होतो. जीप अंगणात थांबली तेव्हा आतून म्हातारीचा क्षीण आवाज आला. तिने आमचे नाव घेतले नाही. तिने त्या युरोपीय फादरांचे नाव घेतले, जे जाऊन तीस वर्षे झाली आहेत. तिने आवाज ओळखला होता. तो आवाज डिझेल इंजिनाचा होता. म्हणजे १९८३ नंतरचा. मामा दाराबाहेर उभे राहून डोळे पुसत राहिले.

परत आल्यावर आम्ही बाजारातून एक साधी दोनशे पानी वही आणली आणि जीपच्या डॅशबोर्डखालील खणात ठेवली. कायद्याने ती लागत नाही. कोणी पोलीस ती मागणार नाही. मेलबर्नच्या पद्धतीची ती आमची उसनी आठवण आहे. गाडी निघण्यापूर्वी तारीख, ठिकाण आणि काम लिहायचे, असा नियम आम्हीच घालून घेतला. पहिल्या पानाच्या माथ्यावर मात्र फेरीची नोंद नाही. तेथे आम्ही लिहिले : 'या जीपचे इंजिन १९८३ मध्ये बदलले आहे.' आमच्यानंतर येणाऱ्या फादरांनी ते प्रथम वाचावे, आणि वाचून किंचित हसावे.

त्याखाली पहिली फेरी आमच्या अक्षरात आहे. दुसरी त्या गृहस्थांच्या : शनिवार, नात व तिच्या मैत्रिणी, धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी. तारीख अगदी बरोबर लिहिलेली आहे.